शनवारच्या दवाखान्याची जैबुनबी

दारव्ह्यात जैबुनबीच्या गल्लीतल्या पोट्ट्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. म्हातारीकडून काही काढायचं असेल तर शनिवारी मागायचं. एरवी ती कोणाला दारात उभं करत नाही, "चाल हट, मले कामं हायत," म्हणून हाकलते. पण शनिवारी कोणी नुसतं "आजी, पाणी" म्हटलं की दुखऱ्या गुडघ्यांवर हात टेकून उठते. कायले म्हणून विचारत नाही. एवढं कळल्यावर पोरं गप्प बसतील होय? एक पतंगाला खळ मागतो, दुसरा बिस्किटं. एकानं तर गंमत म्हणून "आजी, मले स्टँडवर नेऊन सोड" म्हटलं, तर ही बाई डोक्यावर ओढणी घेऊन, त्याचं मनगट धरून निघालीसुद्धा. शेवटी ते पोरगंच घाबरून रडायला लागलं.

तिची सून उमेरा या प्रकाराला कंटाळली आहे. अम्मीचं डोकं फिरलं, असं ती शेजारणीला हळूच सांगते. शेजारीणही मनापासून ऐकते, दुसऱ्याच्या सासूचं डोकं फिरल्याची बातमी कोणाला नको असते? पण जैबुनबीचं डोकं अगदी ठिकाणावर आहे. फिरलं असतं तर बरं झालं असतं, असं तिचं तिलाच वाटतं.

लहान गाडीच्या, म्हणजे नॅरोगेज रेल्वेच्या, बंद पडलेल्या स्टेशनाकडे जाताना दगडी जोत्याची एक कौलारू इमारत लागते. तिच्या पाटीवरची अक्षरं आता वाचता येत नाहीत, आणि येत होती तेव्हाही कोणी वाचत नव्हतं. पाटीवर होतं 'बेने इस्राएल प्रसूतिगृह'. गाव म्हणायचं, शनवारचा दवाखाना. फार पूर्वी कोकणातून, अलिबाग-पेणकडून, काही यहुदी कुटुंबं पोटापाण्यासाठी इकडे आली. कोणी लहान गाडीवर गार्ड, कोणी फिटर, कोणी कापसाच्या जिनिंगमध्ये, एक शाळामास्तर. मराठी बोलणारी, बायका नऊवारी नेसणाऱ्या, आडनावं कोकणातल्या गावांची. फरक म्हणावा तर एवढाच, की शनिवारी, म्हणजे त्यांच्या शब्बाथला, ही माणसं कुठल्या कामाला हात लावायची नाहीत. विस्तव पेटवायचा नाही, दिवा लावायचा नाही, गाडीत बसायचं नाही. म्हणून ते शनवारवाले.

त्यांना इथं प्रार्थनेची जागा बांधायची होती. वर्षानुवर्षं पोटाला चिमटा घेऊन त्यांनी तयारी केली. झरी जामणीच्या जंगलातून चांगलं सागवान आणून ठेवलं, तोरा, म्हणजे त्यांचा धर्मग्रंथ, ज्या कपाटात ठेवतात ते कपाट करायला. आणि त्याच पावसाळ्यात गार्डाची बायको मिलका अडली. दिवस नेमका शनिवार. यवतमाळला न्यायची तर बैलगाडी जुंपावी लागणार. जुंपावी की नाही, या विचारात चार शहाण्या माणसांनी सकाळ घालवली. एक म्हणाला, जीव महत्त्वाचा. दुसरा म्हणाला, थोडी वाट पाहू, दिवस मावळेल, शब्बाथ संपेल. शेवटी दुपारी निघाले, तर अडाण नदी दुथडी भरून वाहत होती. सकाळी निघाले असते तर पाणी गुडघाभरच होतं. नदीच्या अलीकडे, गाडीतच, मिलका गेली आणि तिच्या पोटातलंही गेलं.

दुःखाचे दिवस सरल्यावर ही सगळी कुटुंबं एकत्र बसली. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. गार्ड उठला आणि एवढंच म्हणाला की देवाचं घर नंतर बांधू. ते नंतर कधी आलंच नाही. जमवलेलं सगळं दवाखान्यात गेलं आणि तोराच्या कपाटासाठी आणलेल्या सागवानाचं बाळंतपणाचं टेबल झालं. बाळंतिणीच्या खोलीत, दारावर, तेलरंगानं मोठ्या अक्षरांत एक ओळ लिहिली गेली: रुग्णाला वार नसतो. हिंदू, मुसलमान, बंजारा, कोलाम, ज्या कोणाची बाई अडेल तिनं यावं. आणि आल्याही. दारव्ह्याच्या आसपास साठीच्या आगेमागे असलेलं कोणीही माणूस धरा, त्या सागवानी टेबलावर जन्मलेलं निघेल. जैबुनबी स्वतः तिथलीच, आणि तिची चारही लेकरं तिथलीच.

आता कोणी म्हणेल, रुग्णाला वार नसतो तर मग शनिवारची कामं करायला वेगळी बाई कशाला लागत होती? अहो, रुग्णाला नव्हता, पण तिथल्या सिस्टरला, कंपाउंडरला होता ना! पेशंटसाठी ही माणसं शनिवारी स्टोव्ह पेटवतील, सुया उकळतील, गाडीत बसून यवतमाळ गाठतील. पण स्वतःच्या चहासाठी काडी ओढणार नाहीत. त्यासाठी आधी जैबुनबीची आई होती. तिचे हात थकले तेव्हा फ्रॉकातली जैबून आली. तात्या तिथले कंपाउंडर. त्यांनी तिला पहिल्या दिवशी ओट्यावर बसवून समजावलं, "पोरी, शनवारी आम्ही तुला काम सांगणार नाही. सांगायचं नसतं आम्ही. तुला जे दिसेल ते तू कर."

जैबूनला हे फार आवडलं. घरी तर दिवसभर सांगणारेच भेटत.

तात्यांची लेक सेगुला तेव्हा नुकतीच नर्सिंग शिकून परत आली होती. ती जैबूनपेक्षा दहाबारा वर्षांनी मोठी, उंच, केसांचा घट्ट अंबाडा घालणारी. घरात कोकणातली मराठी बोलायची आणि दवाखान्यात वऱ्हाडी, तीही अशी ठसक्यात की बाबुळगावकडच्या बायांना ही आपल्याच भावकीतली वाटायची. हळूहळू दोघींची शनिवारची एक भाषाच तयार झाली. सेगुला खिडकीशी उभी राहून "हवा गार सुटली" म्हणाली की आंघोळीचं पाणी तापायचं. पुस्तक मिटून ठेवलं की दिवा लागायचा. चष्मा काढून डोळे चोळले की चहा. जैबूनला त्याचा भारी गर्व होता. नवीन आलेल्या डॉक्टरांनी एकदा विचारलं, "सिस्टर तुला सांगतात तरी कधी?" तर ही म्हणाली, "मले सांगा लागत नाई." आणि ते खरंच होतं. चाळीस-पन्नास वर्षांत सेगुलानं शनिवारी स्वतःसाठी तिच्याकडे काहीही मागितलं नाही.

पेशंट आली की मात्र हीच बाई वेगळी व्हायची. अडलेली बाई दारात उतरली की सेगुलाचा आवाज पार स्टेशनापर्यंत जायचा. "जैबून, पानी! जैबून, दिवा धर! नासिरले म्हन, जीप काढ!" नासिर म्हणजे जैबूनचा नवरा, मेकॅनिक. दवाखान्याच्या पंपापासून पाळण्याच्या चाकांपर्यंत सगळं दुरुस्त करणारा. तेव्हा वार नाही, वेळ नाही, हात भरून रक्त. आणि बाळ रडलं की बाहेर येऊन ती ओट्यावर बसायची आणि नुसती चष्मा काढून डोळे चोळायची. मग जैबून चहा टाकायची.

एकेक करून ती कुटुंबं निघून गेली. कोणी ठाण्याला, बहुतेक जण इस्राएलला. निघायच्या आदल्या दिवशी दवाखान्याच्या अंगणात मलिदा व्हायचा. गुळखोबऱ्यात कालवलेले पोहे, वेलची, पाच फळं. सगळ्या गावाला वाटायचे. जैबूनला मलिदा जीव की प्राण, पण पुढे पुढे ती आपला वाटा पोरांना देऊन टाकायची. मलिदा झाला की दुसऱ्या दिवशी एका घराला कुलूप लागणार, हे तिला कळून चुकलं होतं. मग लहान गाडी बंद पडली, यवतमाळला मोठमोठी हॉस्पिटलं झाली, लोक तिकडे जायला लागले. तात्या दवाखान्यामागच्या त्यांच्या लहानशा कब्रस्तानात गेले. शेवटी दवाखान्यालाच कुलूप लागलं आणि मागच्या खोलीत सेगुला एकटी राहिली. ठाण्याचा भाचा एडविन बोलवायचा, इस्राएलची बहीण बोलवायची. ती म्हणायची, "चावी कोनाजवळ देऊ?" जशी काही त्या कुलपामागं खजिनाच होता.

शनिवार चालूच राहिले. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत सेगुला तेलाचा दिवा लावायची, आणि मोबाईल रुमालात गुंडाळून बाळांच्या दुधाच्या पावडरीच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. सवयीनं हात जाऊ नये म्हणून. त्या डब्याचं झाकण घट्ट बसायचं, ते दाबायचं काम जैबुनबीचं. शनिवारी सकाळी ती येऊन पाणी तापवायची, चहा करायची, दुपारी नमाज झाल्यावर पुन्हा भांड्यांना यायची. दोघी म्हाताऱ्या ओट्यावर बसून गावातल्या प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याचं बाळंतपण आठवायच्या. हा पायाळू, तो काविळीचा, ही रडलीच नाही म्हणून उलटी धरून मारलेली.

आणि मग सेगुला वार विसरायला लागली.

आधी बुधवारीच दिवा लावला. त्यावर दोघी खूप हसल्या. पण एका शनिवारी जैबुनबी दारात पाय टाकते न टाकते तोच आतून तो जुना आवाज आला, स्टेशनापर्यंत जाणारा. "जैबून! मोईनले बोलाव गाडी घेऊन! बाई अडली हाय!" मोईन म्हणजे जैबुनबीचा थोरला, उमेराचा नवरा. दारव्हा-यवतमाळ जीप चालवतो. जैबुनबीच्या अंगात वीसबावीस वर्षांची जैबून शिरली. तिनं फोन केला, मोईन भरलेली जीप रिकामी करून, लोकांच्या शिव्या खाऊन धावत आला. खोलीत कोणी नव्हतं. सेगुला बंद दवाखान्याचं कुलूप ओढत उभी होती आणि तिला कळेना की पेशंट गेली कुठं.

भानावर आल्यावर ती जशी रडली, तसं जैबुनबीनं तिला तात्यांच्या मौतीलाही रडताना पाहिलं नव्हतं. पेशंट नसताना शब्बाथ मोडला. मोईनचा स्टँडवरचा गाडी भरायचा नंबर घालवला. गावापुढं हसं झालं. बराच वेळ गेल्यावर तिनं जैबुनबीचा हात धरून दाराजवळ नेला. तिथं चौकटीला मेझुझा होता, प्रार्थनेचा कागद आत ठेवलेली लहानशी नळी. त्यावर जैबुनबीचा हात ठेवून ती म्हणाली, "जैबून, शनवारी म्या काही सांगतलं, तर समज माहं डोकं ठिकानावर नाई. आयकू नको. मले फक्त वार सांग."

"ताई, असं कायले..."

"शप्पथ घे व."

जैबुनबीनं घेतली. का नाही घेणार? उभ्या आयुष्यात ज्या बाईनं स्वतःसाठी काही मागितलं नाही, तिनं पहिल्यांदा काहीतरी मागितलं, आणि ते काय, तर माझं ऐकू नकोस!

त्यानंतरचे एकदोन शनिवार हे जमलं. सेगुला मध्येच म्हणायची, "दवाखान्याचं दार उघड, कोनी आलं." जैबुनबी म्हणायची, "ताई, आज शनवार हाय. कोनी नाई आलं." मग सेगुला कपाळावर हात मारून घ्यायची आणि हसायची. शब्बाथ वाचला म्हणून तिचा चेहरा असा उजळायचा की जैबुनबीला वाटायचं, आपण फार मोठं काम करतो आहोत.

मग ऑक्टोबर आला. शिवारात सोयाबीनची मळणी चालू होती, धुळीनं आभाळ पिवळं. शनिवारी सकाळी जैबुनबी आली तेव्हा सेगुला खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. अंबाडा घातलेला नव्हता. कपाळावर घाम होता. जैबुनबीनं घाम पाहिला आणि पंखा लावला, पन्नास वर्षांच्या सवयीनं. सेगुलानं चष्मा काढला, डोळे चोळले. जैबुनबीनं चहा टाकला.

कप हातात दिला तेव्हा सेगुला हळूच म्हणाली, "जैबून, मोईनले बोलाव गाडी घेऊन."

आवाज अगदी हलका होता. गेल्या वेळचा, स्टेशनापर्यंत जाणारा नव्हता. जैबुनबीनं तो फरक ऐकला. पण तिला वाटलं की ताई आज थकली आहे, म्हणून हळू बोलते. पेशंटसाठी ही बाई ओरडायची, आणि स्वतःसाठी मोठ्यानं मागायची तिला सवयच नव्हती, हे जैबुनबीला त्या क्षणी सुचलं नाही. सुचलं नंतर, आणि तेव्हापासून रोज सुचतं.

तिनं खाटेवर बसून सेगुलाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि लहान लेकराला समजवावं तसं म्हणाली, "ताई, आज शनवार हाय. कोनी नाई अडलं."

सेगुलानं तिच्याकडे पाहिलं.

"कोनी नाई?"

"कोनी नाई."

"बरं," सेगुला म्हणाली.

ती हसली नाही, कपाळावर हात मारून घेतला नाही. नंतर काही बोललीही नाही. शनिवारी दुसऱ्यांदा काही सुचवायची त्यांच्यात पद्धत नव्हती. एकदा सुचवायचं, समजलं तर समजलं. जैबुनबीनं तिची उशी सारखी केली, पाण्याचा तांब्या जवळ ठेवला आणि घरी गेली. जाताना तिला बरंच वाटत होतं. शपथ पाळली होती तिनं.

दुपारी नमाज करून ती परत आली. पंखा फिरत होता. चहा तसाच, वर साय धरलेली. सेगुला तशीच भिंतीला टेकून बसलेली होती आणि तिच्या मांडीवर दुधाच्या पावडरीचा तो डबा होता. फळीवरून तिनं तो स्वतः काढला होता. म्हणजे ती उठली होती, चालली होती, हात वर केला होता. झाकण बंद होतं आणि तिचा तळवा झाकणावर होता.

झाकण तिच्यानं उघडलं नाही की तिनं मुद्दामच उघडलं नाही, हे जैबुनबीला कधीच कळणार नाही. आदल्या संध्याकाळी ते झाकण जैबुनबीनंच दाबलं होतं, नेहमीसारखं, अंगठ्यांचा जोर लावून. ताकद नव्हती म्हणून उघडलं नसेल, तर ते आपल्या अंगठ्यांनी. वार ऐकून उघडलं नसेल, तर ते आपल्या तोंडानं. कुठूनही मोजा, हिशेब जैबुनबीच्याच दारात येतो.

आलेले डॉक्टर म्हणाले, हृदय. मग सवयीनं म्हणाले, "सकाळीच हलवलं असतं तर..." आणि बॅग बंद करून गेले.

संध्याकाळी मोईन घरी आला. चूल पेटली नव्हती. आईजवळ बसून तो म्हणाला, "अम्मी, मैं सुबह से स्टँडपरच था, गाडी खाली. नंबरच नै लगा." पोराच्या मनात काही नव्हतं, तो नुसतं हळहळला. पण जैबुनबीनं त्या रात्री पाणीसुद्धा घेतलं नाही.

एडविन दुसऱ्या दिवशी ठाण्याहून आला, बरोबर त्यांच्या जमातीतली पाचसहा माणसं घेऊन. मयताला आंघोळ घालायला त्यांच्यातल्या बायका हव्यात, त्या कोणी येऊ शकल्या नव्हत्या. त्यानं अवघडून विचारलं तेव्हा जैबुनबी आणि दवाखान्यातली जुनी आया कोकिळा, दोघी आत गेल्या. पाणी जैबुनबीनं तापवलं. शनिवार नव्हता, तरी तिला कोणी सांगितलं नाही. कोकिळा रडत रडत पाणी घालत होती. जैबुनबी रडली नाही. सेगुलाचे केस तिनं विंचरले आणि अंबाडा घातला, घट्ट, जसा ताईला लागायचा.

कब्रस्तानात आणखी एक पेच आला. कद्दीश म्हणून त्यांची एक प्रार्थना असते, मागं राहिलेल्यानं म्हणायची. तिला दहा यहुदी पुरुष लागतात. दहा नव्हते. आणि अंगणात तर पाय ठेवायला जागा नव्हती. दारव्ह्यातून, आसपासच्या खेड्यांतून, तिच्या हातावर जन्मलेली माणसं आली होती. बबनराव नावाचा पिकल्या मिशांचा शेतकरी पुढे झाला आणि म्हणाला, "साहेब, दहा कायले, शंभर घ्या. आमी समदे तिच्याच हातचे हाओ." एडविननं नकारार्थी मान हलवली. शेवटी त्यानं दुसरी प्रार्थना म्हटली आणि कद्दीश ठाण्याला जाऊन म्हणेन असं कबूल केलं. शेकडो माणसं उभी होती आणि दहा भरली नाहीत. तात्यांच्या शेजारी तिला ठेवलं. प्रत्येकानं माती टाकली.

सगळे पांगल्यावर एडविन जैबुनबीजवळ आला. भला माणूस. हात जोडून म्हणाला, "मावशी, तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही. तुमच्यामुळे आत्याचा शेवटचा शब्बाथ मोडला नाही."

जैबुनबीचं तोंड उघडलं. तिला सगळं सांगायचं होतं. घाम, हलका आवाज, जीप, सगळं. रुग्णाला वार नसतो ही ओळ ज्या दारावर होती, जे दार ती वर्षानुवर्षं फडक्यानं पुसत आली, ते त्याच्या पाठीमागंच, कुलपाआड होतं.

"शेवटचं काही बोलली का हो ती?" त्यानं विचारलं.

जैबुनबीनं त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. त्यात इतकी आशा होती.

"बरं म्हनली," ती म्हणाली.

"बरं म्हणाली?" एडविन हसला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बरं म्हणून गेली. अगदी आत्यासारखं." आणि त्यानं तिथल्या तिथं इस्राएलला फोन लावून सेगुलाच्या बहिणीला सांगितलं की आत्या शांतपणे गेली, शब्बाथच्या दिवशी, बरं म्हणून.

मग तो खोलीत गेला आणि तो डबा घेऊन बाहेर आला. मोबाईल त्यानं काढून घेतला होता. डबा तिच्या हातात ठेवून म्हणाला, "हा तुम्ही ठेवा. आत्याची आठवण."

ती नाही म्हणू शकली नाही. तो डबा आता जैबुनबीच्या घरात, चुलीच्या वरच्या फळीवर असतो. त्यात ती काही ठेवत नाही. झाकणही लावत नाही. उमेरानं एकदा त्यात साखर भरून झाकण दाबून बसवलं, तर सासूनं सगळी साखर परातीत ओतली आणि झाकण मोरीत फेकून दिलं.

परवाच्या शनिवारी मात्र हद्द झाली. गल्लीतल्या कोणी "आजी, माहा पतंग वर अडकला" म्हटलं आणि जैबुनबी शिडीवरून टिनाच्या छपरावर चढायला लागली. तिसऱ्या पायरीवर पाय सटकला. नशीब, मोडलं काही नाही, घोटा सुजला. उमेरानं पोरांना पिटाळलं आणि सासूच्या पायाला हळद लावता लावता तिचा राग अनावर झाला. "अम्मी, आप मना कायको नै करते? जो बोला वो करने का? एक बार ना बोलो ना!"

जैबुनबी घरात हिंदी बोलते, पण दवाखान्याचं काही आलं की तिच्या तोंडून वऱ्हाडीच निघते. तिनं फळीवरच्या उघड्या डब्याकडे पाहिलं.

"पन्नास सालात तिनं सोताच्या जिवासाठी मले काही मांगतलं नाई, उमेरा," ती म्हणाली. "येकदा मांगतलं. हळूच मांगतलं. अन् म्या तिले सांगतलं, ताई, आज शनवार हाय."